एका माणसाचा स्तंभ

माझ्या मुलीच्या लग्नानंतर चार दिवसांनी बिराजदार सर आहेर घेऊन घरी आले. फ्रेम केलेला आलेख. पंगतीतल्या पानांत लोकांनी काय काय टाकलं, त्याचा स्तंभालेख. सगळ्यात उंच स्तंभ फ्रूटखंडाचा, म्हणजे मी व्याह्यांशी भांडून ठेवलेल्या पदार्थाचा. हा माणूस लग्नात जेवलाच नव्हता, वही-पेन्सिल घेऊन उष्ट्या पानांमागं ताळ्याच्या खुणा करत फिरला होता. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मी महिनाभर अबोला धरला. फ्रूटखंड वाया गेला होता हे खरं होतं, म्हणून तर राग जास्त.

मी कॉलेजात मराठी शिकवते, ते संख्याशास्त्र. मूळचे अक्कलकोटकडचे, इथं भवानी पेठेत एका खोलीत एकटे राहतात. आठ वर्षं तासिका तत्त्वावर आहेत, म्हणजे दर जूनला प्राचार्यांनी सही केली तर नोकरी, नाहीतर नाही. अशा माणसानं जरा मान खाली घालून राहावं की नाही? नाव नको. सात रस्त्यावरच्या फ्लेक्सवाल्यानं एकदा त्यांच्या 'मुलं कॉलेजला कशानं येतात' या आलेखातले स्तंभ एकमेकांना चिकटवून छापले. सरांनी फ्लेक्स परत केला. "बस वेगळी, सायकल वेगळी. मधे फट पाहिजे की." फ्लेक्सवाल्यानं फट ठेवून पुन्हा छापला आणि सर दिसले की तो अजूनही आत जाऊन बसतो.

पण त्यांचं खरं हाडवैर 'इतर' या रकान्याशी. "इतर म्हणजे मोजणाऱ्याचा आळस," हे पहिल्याच तासाला फळ्यावर येतं. कुणी सर्वेक्षणात 'इतर' लिहिलं की वही परत.

यंदा तपासणी समिती येणार म्हणून प्राचार्यांनी आम्हा दोघांना काम लावलं. पहिल्या वर्षाची मुलं तासाला का बसत नाहीत, ते विचारायचं. मुलांनी नाव न घालता चिठ्ठीवर कारण लिहायचं. सरांनी चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावले. बसची वेळ. दुकानातली नोकरी. आईबरोबर विड्या वळणं. तास कंटाळवाणा. यातले किती तास माझे, हे त्यांनी सांगितलं नाही, उपकारच म्हणायचे. शेवटी एक चिठ्ठी उरली. 'वर्गात माझ्याशी कुणी बोलत नाही.'

सरांनी तिचा वेगळा स्तंभ काढला. उंची एक चौकोन.

प्राचार्यांनी तो बघून कपाळाला आठ्या घातल्या. "एकच उत्तर आहे, सर. इतरमध्ये टाका. समितीला काय वाटेल?"

"बेड री," सर म्हणाले. रागावले की त्यांची कन्नड निघते. बेड म्हणजे नको. "हे पोर इतर न्हाय."

"मग जूनचं मला बघावं लागेल."

"बघा की."

प्राचार्यांनी ऑफिसातून नवा आलेख करून घेतला, 'इतर'सकट, आणि समितीच्या अहवालात लावला. त्यावर मी सही केली. माझी नोकरी कायमची आहे, तरी केली. सरांनी केली नाही. बाहेर आल्यावर मी वर त्यांच्यावरच डाफरले, "एका चौकोनासाठी स्वतःच्याच पोटावर पाय देता?"

"उंची कमी हाय म्हणून खोडायचं व्हय, मॅडम?" एवढं बोलून ते तासाला गेले.

दुसऱ्या दिवसापासून सर सकाळी फाटकाशी उभे दिसायला लागले. येणाऱ्या प्रत्येक मुलाला थांबवून काहीतरी विचारायचे. कुटनं आलास, गाडी वेळेवर होती का, काल ताप होता तो उतरला का. मुलं आधी फिदीफिदी हसली. मग थांबायला लागली. मला वाटलं, आता फाटकावर नवं सर्वेक्षण. पण हातात पेन्सिल नव्हती.

चौथ्या दिवशी न राहवून मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"ती चिठ्ठी कुणाची ते कळायला मार्ग न्हाय. नाव घालू नका असं मीच सांगितलं होतं. म्हणून अख्ख्या वर्गाशी बोलतोय. त्यात ते पोर येतंच की."

"आणि बाकीच्यांना गरज नसली तर?"

"बोलल्यानं त्यांचं काय जातंय?"

मी चिडलेच होते, त्यामुळं तोंडातून निघून गेलं. "आणि तुमच्याशी हो कोण बोलतं?"

सरांनी प्रश्न नीट मनावर घेतला. खरंच आठवून बघितलं. फाटकातून दोन मुली आत आल्या, तरी त्यांचं आठवणं चालूच.

"तुमी," ते म्हणाले. मग शिस्तीत पुढं जोडलं, "वारंवारता एक."

आठ वर्षं मी या माणसाची टिंगल करत होते, आणि त्यांनी ती बोलण्यात धरली होती. मला स्वतःची लाज वाटली. मी तशीच जिना चढले, प्राचार्यांच्या टेबलावरचा अहवाल ओढून घेतला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माझी सही खोडली.