माझा विषय काढू नकोस

माणसानं दुसऱ्याचं इंग्रजी सुधारू नये. बायकोचं तर मुळीच सुधारू नये. हे मला अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात कुणी सांगितलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. (सांगितलं असतं तरी मी आधी त्याचं वाक्य दुरुस्त केलं असतं, ही गोष्ट वेगळी.)

मी शिवकुमार शेटे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत करस्पॉन्डन्स क्लार्क. आमची कास्टिंग्ज, म्हणजे ओतीव सुटे भाग, इंग्लंडची एक कंपनी घ्यायची. तिचे फॅक्स यायचे आणि त्यांची उत्तरं मी लिहायचो. त्यामुळे अख्ख्या कारखान्यात इंग्रजी येणारा माणूस म्हणजे मीच, असा माझा समज होता. मालकांचाही होता, कारण त्यांना ते येत नव्हतं.

बायको पवित्रा, कुरुंदवाडची. माहेरी घरात कन्नड, दारात मराठी, आणि इंग्रजी ती शिकली वडिलांच्या भुसार दुकानात. सासरे रुद्राप्पा ज्वारी मापता मापता रेडिओवर क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री लावायचे आणि ही पोत्यावर बसून ऐकायची. त्यामुळे तिचं इंग्रजी कुठं अडायचं नाही. गल्लीतली पोरं नळावर दंगा करायला लागली की ती दारातूनच ओरडायची, "यू निअर द टॅप, कम हिअर. यू विथ द बॅट, गो होम." आणि पोरं ऐकायची.

मला ते खटकायचं. गारगोटीच्या शाळेत पिराजी मास्तरांनी आम्हाला छडी हातात घेऊन शिकवलं होतं की, सर्वनाम म्हणजे नामाच्या जागी आलेला बदली कामगार. बदली माणसानं आपलं काम करावं आणि जावं, सोबत पाहुणे आणू नयेत. 'यू' म्हटलं की नुसतं 'यू'. त्याच्या मागं नळाजवळचा, बॅटवाला अशी वरात नको. मास्तरांना हे कुणी शिकवलं होतं ते मी कधी विचारलं नाही. छडी त्यांच्या हातात होती.

तर त्या मे महिन्यात राजारामपुरीतल्या एका इंग्लिश मिडियमच्या बालवर्गाला बाई पाहिजे होत्या. पवित्राला ही नोकरी आठ वर्षांपासून हवी होती. आधी मुलगी लहान होती, मग माझ्या आईचे गुडघे गेले, मग असंच राहिलं. यंदा मात्र तिनं अर्ज स्वतः लिहिला, स्वतः नेऊन दिला आणि घरी येऊन सांगितलं, "कुणाची चिठ्ठी न्हाय, वशिला न्हाय. माझ्या बोलण्यावर मिळाली तरच घेणार."

मी म्हणालो, "मग आधी बोलणं नीट करू." एवढंच म्हणालो.

पंधरा दिवस रोज संध्याकाळी शिकवणी चालली. ती एक वाक्य बोलायची, मी ते मध्येच धरायचो. आठव्या दिवसापर्यंत ती तोंड उघडायच्या आधी माझ्याकडे बघायला लागली. (मला वाटलं, प्रगती आहे.) मग एक दिवस तिनं विचारलं, "आन् तुमच्याबद्दल इचारलं तर?"

"तर सांगायचं."

"मी 'ही इन शिरोली ऑफिस' असं म्हणणार होते."

"ते चालणार नाही. मिस्टर शिवकुमार म्हण."

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर उखाण्यात, तेही चारचौघी मागं लागल्यावर. माझ्या सासूबाई नीलम्मा यांना रेशनकार्डाच्या कचेरीत कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या महादेवाकडं बोट दाखवलं होतं. कारकुनानं 'शंकर' लिहिलं. सासरे पुढची चार वर्षं शंकर म्हणून साखर आणत होते.

"नाव मी न्हाय घेणार," पवित्रा म्हणाली.

"मग माय हजबंड म्हण."

"अय्य, चार परक्या माणसांत माझं माझं करत? लाज वाटती."

म्हणजे 'ही'च्या मागं काही लावायचं नाही, नाव घ्यायचं नाही आणि हजबंडही म्हणायचं नाही. माझं डोकं फिरलं. "मग माझा विषयच काढू नकोस," मी म्हणालो. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

मुलाखतीच्या दिवशी मी शाळेबाहेर स्कूटरवर बसून होतो. वीस मिनिटांनी ती मान खाली घालून आली. कसं झालं विचारलं तर "झालं" म्हणाली. तिसऱ्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं. मी कारखान्यात पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की पंधरा दिवसांत तयार केली.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारची गोष्ट. मी नुकताच आंघोळ करून टॉवेल-बनियनवर बाहेर आलो होतो. दार वाजलं. दारात पांढऱ्या कपड्यातला एक दणकट गृहस्थ, एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्या हातात मुलीचं नवं दप्तर.

"पवित्राताई हायत का? मी शाळेचा ट्रस्टी, बाळासो. आन् पावणं, तुम्ही कोण म्हणायचं?"

"मी त्यांचा नवरा."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि मला नखशिखांत न्याहाळलं.

"कवा आलास?" (पावणं संपलं, अरे-तुरे सुरू झालं.)

"हा काय, आत्ताच," मी म्हणालो, म्हणजे आंघोळीहून.

"आन् बाईला नोकरी लागल्याचं तुला कुणी सांगितलं?"

"अहो, पेढे मीच वाटले."

"पेढे वाटलास?" त्यांचा आवाज समोरच्या गल्लीपर्यंत गेला. "घरात कोण कोण असतं इचारलं, तर ती सासू सांगती, पोरगी सांगती. आन् मालक काय करत्यात म्हणल्यावर खाली मान, डोळ्यात पाणी. गळ्यात मंगळसूत्र हाय आन् तोंडात एक शब्द न्हाय. आमी काय समजायचं ते समजलो. दारूपायी बायको टाकून पळालास, आन् पगार सुरू व्हायचा म्हणल्यावर आलास व्हय माघारी?"

शेजारी दारात येऊन उभे राहिले. समोरच्या बयाबाई तर पायरीवर बसल्याच. मी काय बोलतोय ते मलाच ऐकू येईना. एवढ्यात पवित्रा लाटणं घेऊन आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ही मला सोडवणार म्हणून मी बाजूला झालो. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मला नोकरी कशावर दिलीसा?" तिनं बाळासोंना विचारलं.

"परिस्थितीवर, ताई."

"आन् माझं इंग्रजी?"

बाळासो चाचरले. "त्ये तुम्ही बोललासा कुठं? गुड मॉर्निंग म्हणलासा. पुढं प्रत्येक प्रश्नाला तोंड उघडायचं आन् मिटायचं. आमाला वाटलं, दुःखानं."

तिचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मी आजही विसरलेलो नाही. टाकलेली बाई समजले याचं तिला काही नव्हतं. आठ वर्षं वाट बघून जे मिळालं ते दयेवर मिळालं, याचं होतं. ती शांतपणे म्हणाली, "हे कुठं गेलेलं न्हाईत. सुपारीसुदिक खात न्हाईत. मला बोलता येईना झालतं, म्हणून मी बोलले न्हाय."

बाळासोंनी मान हलवली. बायका असंच झाकून घेतात, असा त्यात अर्थ होता. जाताना दप्तरही ठेवून गेले.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. (गेलं, पण चव लागली नाही.) दुसऱ्या दिवशी शाळा उघडली आणि पवित्रा नेमणुकीचं पत्र परत करायला गेली. मी कामावर अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्या मागं गेलो. आत जायचा धीर नव्हता, म्हणून वर्गाच्या खिडकीखाली उभा राहिलो. हेडबाई सुष्मिता मॅडम बंगळूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या. त्यांनी पत्र घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आज पहिला दिवस आहे, आलाच आहात तर एक तास मुलांजवळ बसा. मी मागं उभी राहते."

वर्गात तीस मुलं एका सुरात रडत होती. थोडा वेळ पवित्राचा आवाज येईना. मग आला. "यू ऑन द बेंच, कम डाऊन. यू टू विथ द टिफिन, शेअर इट. ऑल ऑफ यू इन द कॉर्नर, सिंग विथ मी." रडणं एकेक करून थांबत गेलं. शेवटी सुष्मिता मॅडमचा आवाज आला, "वुई ॲट धिस स्कूल नीड यू." कॉन्व्हेंटच्या बाईनं 'वुई'च्या मागं अख्खी शाळा लावली आणि आभाळ कोसळलं नाही.

मी तसाच कारखान्यात गेलो आणि इंग्लंडची फाइल काढली. पानापानावर तेच. 'वुई ॲट धिस एंड.' 'दोज ऑफ यू इन द वर्क्स.' आणि प्रत्येकाखाली माझ्या लाल पेनाची रेघ. अकरा वर्षं मी इंग्रजांचं इंग्रजी सुधारत होतो. (एकदा एक फॅक्स दुरुस्त करून त्यांना परतही पाठवला होता. त्यांनी 'थँक यू' कळवलं. मी त्याला कबुली समजलो होतो.) ज्या बोलण्याला मी पंधरा दिवस कुलूप घातलं, ते मुळात बरोबर होतं. आणि नसतं तरी मी ते असं मोडायला नको होतं.

घरी येऊन मी पवित्राची माफी मागितली. पुन्हा एक शब्द सुधारणार नाही, असं सांगितलं. ती हसली. हळूहळू घरात इंग्रजी परत यायला लागलं. मांजरालासुद्धा "यू अंडर द कॉट" अशी हाक जायची. मला बरं वाटायचं.

मग श्रावणात ते एकाएकी थांबलं. शाळेत ती दिवसभर बोलायची, पण माझी स्कूटर दारात वाजली की चालू वाक्य मराठीत जायचं. काय झालं विचारलं तर "काय न्हाय" म्हणायची. मला कळेना. मी तर शब्द पाळत होतो. घर फार गप्प वाटायचं.

जानेवारीत शाळेचं गॅदरिंग झालं. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. बक्षिसं संपल्यावर बाळासोंनी माइक हातात घेतला आणि माझं नाव पुकारलं. वर जाईपर्यंत मला कळलं नाही कशाबद्दल. शिपाई कृष्णात यांनी मला फेटा बांधला, हातात नारळ दिला आणि बाळासो सगळ्या पालकांना म्हणाले, "दारू सोडून संसारात परत आलेला हा माणूस. चुकतो त्याला आमी बोलतो, सुधारतो त्याचा सत्कार करतो."

मी पवित्राकडं बघितलं. ती मुलांच्या घोळक्यात ताठ बसली होती. नाही म्हणता आलं असतं. पण नवरा म्हणून मी काहीतरी भयंकर केलं होतं हे तर खरंच होतं. ते कोणतं, एवढंच बाळासोंना नीट माहीत नव्हतं.

"किती म्हैनं झालं सोडून?" बाळासोंनी माइक माझ्या तोंडापुढं धरला.

मी माफी मागितल्या दिवसापासून मोजले. "सात," मी म्हणालो. टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं कशाला बोलू, मला थोडा अभिमानही वाटला.

घरी येताना ती मागं बसली होती, मांडीवर नारळ. टाकाळ्याचा चढ संपला.

"सात न्हवं," मग म्हणाली. "साडेपाच."

"काय?"

"नागपंचमीला बंगळूरची माझी भाची आलती. मी तिच्याशी बोलत हुते. तिच्यासमोर मला दोनदा सुधारलासा."

मला ते आठवतही नव्हतं.

"फेटा काढा आता," ती म्हणाली. मी स्कूटर बाजूला घेतली आणि काढला.