‘धुरकरी’ची मालकीण

“‘धुरकरी’चा इतिहास लिहाले कागदपत्रं कायले पाह्यजेत, प्रफुल्लभाऊ? सारा इथं भरून आहे!” असं म्हणून बाबारावांनी आपल्या टकलावर टिचकी मारली. आवाज जरा पोकळ आला. पण प्रफुल्लभाऊंचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मोबाइलवर स्वतःचाच फोटो मोठा करून पाहत होते.

दिग्रसहून निघणाऱ्या ‘दैनिक धुरकरी’चा अठ्ठेचाळिसावा वर्धापनदिन तोंडावर आला होता. पन्नासाव्यापर्यंत थांबायला प्रफुल्लभाऊ तयार नव्हते, आणि ते शहाणपणाचंच होतं. या पेपरचा मालक दोन वर्षं टिकेलच, अशी खात्री खुद्द मालकालाही नसे! प्रफुल्लभाऊ पाचवे. कापसाच्या जिनिंगचा धंदा चांगला चालला होता, प्रकृती ठणठणीत होती, मुलांची लग्नं झाली होती. जिवाला घोर म्हणून काही उरलाच नाही, तेव्हा त्यांनी सहा महिन्यांपूर्वी पेपर विकत घेतला.

“पानभर लिहा,” प्रफुल्लभाऊ म्हणाले. “आधीच्या चौघायले एकेक ओळ. बाकी माह्यावर.”

“झालं समजा!” बाबाराव म्हणाले.

बाबाराव म्हणजे कार्यकारी संपादक. वय एकसष्ट, त्यातली चाळीस वर्षं ‘धुरकरी’त. मालक येत, मालक जात. बाबाराव आपले कचेरीतल्या पंख्यासारखे वर लटकलेले, फिरत राहत. वारा लागत नसे, ही गोष्ट वेगळी.

पेपर काढला पुंडलिकराव ढोले गुरुजींनी. दुसऱ्या एका पेपरनं त्यांची तीन पत्रं छापली नाहीत, म्हणून चिडून त्यांनी स्वतःचाच पेपर काढला आणि पहिल्याच अंकात तिन्ही पत्रं छापली. बैलगाडी हाकणारा तो धुरकरी; समाजाची गाडी आपण हाकतो, असा गुरुजींचा समज. गुरुजी थकले, तेव्हा पेपर एका कापूस व्यापाऱ्यानं घेतला. आपल्याला पाहिजे ते भाव तो पहिल्या पानावर छापायचा, आणि बाजारात मात्र तसा भाव कोणालाच मिळायचा नाही. मग आला एक पुढारी. त्याच्या काळात पेपरात इतके फोटो त्याचे असत, की हरवलेल्या म्हशीच्या जाहिरातीतही लोक आधी त्यालाच शोधत. निवडणूक हरल्यावर त्यानं पेपर एका बिल्डरला दिला. बिल्डरला पेपर नकोच होता, कचेरीखालची जागा पाहिजे होती. जागा ठेवून पेपर त्यानं प्रफुल्लभाऊंना देऊन टाकला.

दर वेळी ‘नव्या पर्वाचा शुभारंभ’ हा अग्रलेख बाबारावच लिहीत. म्हणजे लिहिला त्यांनी एकदाच. पुढे नुसतं नाव बदलत.

इतिहासाचं पान झकास उतरलं. प्रफुल्लभाऊंच्या बालपणीच त्यांच्यात पत्रकारितेची चिन्हं कशी दिसू लागली होती, हे वाचून खुद्द प्रफुल्लभाऊंचे डोळे पाणावले. शेवट जोरदार पाहिजे म्हणून बाबारावांनी ठळक अक्षरांत ठोकून दिलं: ‘मालक बदलले, जमाना बदलला, पण गेल्या अठ्ठेचाळीस वर्षांत धुरकरीच्या शेवटच्या पानावरची तळाची ओळ एका अक्षरानेही बदललेली नाही! हीच आमची निष्ठा!’

वर्धापनदिनी सकाळी सात वाजता पूनमसिंग गुरुजींचा फोन आला. हे निवृत्त हेडमास्तर. पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून ते पेपर कचेरीत परत पाठवीत.

“अभिनंदन, बाबाराव! इतिहास वाचला. काय लिहिता हो तुमी!”

“तुमच्यासारखे वाचक आहेत म्हणून…”

“तळाची ओळ बी वाचली. भिंग घेऊन वाचली. जुना एक अंक होता घरी, तो बी काढला. खरंच की! एक अक्षर बदललं नाही!”

“मंग! सांगतलं ना!”

“म्हणून तं फोन केला. तिथं लिहिलं आहे, ‘मालक सौ. वच्छलाबाई पुंडलिकराव ढोले.’ मंग हे प्रफुल्लभाऊ कोण?”

बाबारावांच्या हातातला चहा बशीत आला, बशीतून धोतरावर आला.

“संध्याकाळी मी हार घेऊन येऊन राह्यलो,” पूनमसिंग गुरुजी म्हणाले. “कोणाच्या गळ्यात घालाचा, तेवढं कळवा.”

बाबाराव चपला उलट्या घालून कचेरीत धावले. पान लावणाऱ्या सत्यशीलाबाई खुर्चीवर शांतपणे बसल्या होत्या.

“सत्यशीलाबाई! हे तळाचं नाव काहून नाही बदललं?”

“कोणी सांगतलं होतं बदलाले?”

“मालक बदलला तं नाव बदलावं लागते ना!”

“मले वाटलं, देवाचं नाव राह्यते वर, तसं हे खाली राह्यत असंल.”

झालं होतं ते असं. ढोले गुरुजी अनुदानित शाळेत नोकरीला होते. स्वतःच्या नावावर पेपर काढला असता तर नोकरी गेली असती. म्हणून बायकोच्या नावावर काढला. पुढे प्रत्येक मालकानं बाबारावांना सांगितलं, ‘सरकारदरबारी नावाचं तेवढं करून घ्या,’ आणि प्रत्येकाला बाबारावांनी उत्तर दिलं, ‘झालं समजा!’ चौघांनीही तसं समजून घेतलं. वर्षानुवर्षं अख्खा पेपर हातोहात विकला गेला, आणि पेपर होता एका बाईच्या नावावर, जिला कोणी विचारलंच नव्हतं!

समारंभ संध्याकाळी पाच वाजता. बाबारावांनी डोकं चालवलं. ढोले गुरुजी गेल्यापासून वच्छलाबाई घाटंजीला लेकीकडे राहत. म्हातारीचं वय त्र्याऐंशी. सत्काराचा फॉर्म आहे म्हणून सांगायचं, सही घ्यायची, परत यायचं. प्रफुल्लभाऊंना काही कळायच्या आत सगळं उरकेल. वकिलाकडून मजकूर टाइप करून घेऊन ते नऊच्या एसटीत चढले.

वच्छलाबाई ओसरीत पेपरच वाचत होत्या. ‘धुरकरी’च.

“काहून रे बाबाराव? आज कशी आठवण आली?”

“काकू, तुमचा सत्कार ठेवला आहे. हा फॉर्म. इथं सही केली का झालं.”

वच्छलाबाईंनी चष्मा पुसला. फॉर्म वाचायला घेतला. पहिलं पान वाचलं, उलटवलं, मागचं वाचलं. बाबारावांनी आयुष्यभर जे लिहिलं, ते इतक्या बारकाईनं कोणी वाचताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

“‘मी, मालक, स्वखुशीने सर्व हक्क सोडून देत आहे.’ हा कसा रे सत्कार?”

“नाही, म्हणजे काकू… तुमी मालक म्हणजे तशा नाही. फक्त कागदावर.”

“मंग? पेपर कागदावरच असते ना?”

बाबारावांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. संपादकाला उलट प्रश्नाची सवय नसते.

“म्हणजे मी खरंच मालकीण आहे?” म्हातारीनं विचारलं. बाबारावांनी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून ‘हो’ बाहेर पडलं. खरं बोलण्याचा सराव नसला की असं होतं.

वच्छलाबाई उठल्या. नवं लुगडं काढलं.

“कुठं, काकू?”

“कुठं म्हणजे? पेपराचा वाढदिवस, अन् मालकिणीनंच जाऊ नाही का?”

परतीच्या एसटीत पंचाहत्तरीवरच्यांना प्रवास फुकट. बाबारावांना पूर्ण तिकीट. कंडक्टर म्हणाला, “आजीले बसू द्या खिडकीशी.” तीन तास बाबाराव उभे होते आणि मालकीण बाहेरची कपाशी पाहत होती.

मंगल कार्यालयात प्रफुल्लभाऊ सिंहासनासारख्या खुर्चीत विराजमान होते. हार घालायला दुसऱ्याच एका माजी पुढाऱ्याला बोलावलं होतं. बाबाराव म्हातारीला मागच्या रांगेत बसवायला पाहत होते. पण वच्छलाबाई सरळ स्टेजवर चढल्या.

“या, या आजी!” प्रफुल्लभाऊ प्रेमानं म्हणाले. “ज्येष्ठ वाचकांचा सत्कार मागून आहे.”

“असू दे बापा. तू कोण?”

“मी? मी मालक!”

“असं? मंग मी कोण?”

प्रफुल्लभाऊंनी हसून लोकांकडे पाहिलं. लोक हसले. तेवढ्यात पूनमसिंग गुरुजी उभे राहिले. एका हातात हार, दुसऱ्या हातात भिंग. त्यांनी शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात तळाची ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवली. मागचा स्वयंपाकीसुद्धा झारा हातात घेऊन ऐकायला पुढे आला.

माजी पुढाऱ्याची गोष्टच और! खरा मालक कोण हे ओळखण्यातच त्याची हयात गेली होती. प्रफुल्लभाऊंच्या गळ्यापर्यंत आलेला हार त्यानं हवेतच वळवला आणि वच्छलाबाईंच्या गळ्यात घालून खाली वाकून नमस्कारही केला. फोटोग्राफरनं पटापट फोटो काढले. प्रफुल्लभाऊ प्रत्येक फोटोत आले, पण तोंड उघडं टाकून!

“दोन शब्द!” कोणीतरी ओरडलं.

वच्छलाबाईंनी माइक हातात घेतला. “भविष्य कोण लिहिते?”

बाबाराव खांबाआड गेले. भविष्य तेच लिहीत. म्हणजे मागच्या वर्षीचं एक रास पुढे सरकवून लावत.

“मले सारा आठवडा परदेशगमनाचा योग सांगतला. मी घाटंजीच्या बाजारापर्यंत बी गेली नाही! अन् त्या दिवशी पावसाची बातमी दिली, तवा आमच्या अंगणात मिरच्या वाळत होत्या. अन् हे मुख्य पानावरचं काय ते, ‘जनतेत आनंदाची लाट’. कोणत्या जनतेत, बाबाराव? मी तं कोणाले आनंदात पाह्यलं नाही.”

टाळ्या थांबेनात. अठ्ठेचाळीस वर्षांत ‘धुरकरी’च्या कार्यक्रमात लोकांनी मनापासून वाजवलेल्या या पहिल्याच टाळ्या.

प्रफुल्लभाऊंनी बाबारावांना कॉलर धरून भांड्यांच्या खोलीत नेलं. “सोमवारपर्यंत त्या बाईची सही! नाहीतर पुढच्या अंकात तुमचाच इतिहास छापतो!”

बाबाराव एका पातेल्यावर बसले. चाळीस वर्षं गेली, दुसरं काही येत नाही, आणि जे येतं ते आज भर मांडवात उघडं पडलं होतं. एवढ्यात दारातून आवाज आला.

“सही पाह्यजे का? मंग तसं सांगा ना सरळ. कुठं कराची?”

दोघंही दचकले. वच्छलाबाई हार काढून हातात घेऊन उभ्या होत्या.

“तुमी… देता सही?” प्रफुल्लभाऊंना विश्वासच बसेना. “बदल्यात काय पाह्यजे, आजी? मोकळेपणानं सांगा.”

“काही नको बापा. मले कुठं पेपर हाकता येते? एक डाव मालकीण म्हणून गळ्यात हार पडला, झालं. बाबारावनं मात्र ते फॉर्मचं खोटं सांगाले नको होतं.”

बाबारावांनी मान खाली घातली. धोतरावर सकाळचा चहाचा डाग तसाच होता. तोच पाहत राहिले.

सोमवारी यवतमाळला जाऊन सगळं रीतसर झालं. वच्छलाबाईंनी प्रत्येक पान वाचून मग सही केली. त्यात दुपारची जेवणं हुकली. प्रफुल्लभाऊ इतके खूश झाले, की त्यांनी जाहीरच केलं, “आजी, आजपासून ‘धुरकरी’ तुमच्या घरी जन्मभर फुकट!”

“नको. उलट उद्यापासून माह्या घरचा पेपर बंदच करा,” वच्छलाबाई म्हणाल्या.

बाबाराव त्यांना एसटीत बसवायला गेले. त्यांना राहवलं नाही. “काकू, पेपर काहून बंद करता? इतकी वर्षं घेत होता. रोज अख्खा वाचत होता.”

“अख्खा नाही रे. त्या तळाच्या ओळीसाठी घेत होती. गुरुजीचं नाव अन् माहं नाव, शेजारी शेजारी. बाकीचं आपलं वेळ जावा म्हणून.” त्यांनी खिडकीशी पिशवी ठेवली, पदर सावरला. “तुह्या पेपरात रोज खरं असं तेवढंच एक छापून येत होतं, बाबाराव. आता ते बी गेलं. मंग घ्याचा कायले?”

गाडी सुटली. बाबारावांनी संपादक या नात्यानं खुलासा करायला तोंड उघडलं, आणि धूळ जाऊ लागली म्हणून मिटलं.