साहेबांनी कृपया तोंड उघडावे

साहेबांनी बाटलीकडे एकदा पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडे वळवली. रडणं नाही, पाय झाडणं नाही. अपुरी कागदपत्रं घेऊन आलेल्या माणसाला मोठा अधिकारी जसा न बोलता वाटेला लावतो, तसं त्यांनी आपल्या वडिलांना वाटेला लावलं. साहेबांचं वय दोन महिने. या रुबाबामुळेच घरातले सगळे त्यांना साहेब म्हणत आणि अहोजाहो करत.

वडील ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवत. भल्याभल्या घाबरट माणसांना त्यांनी चढावर गाडी उभी करायला शिकवलं होतं. "साहेबांचा ब्रेकवरचा पाय निघतच नाहीये," ते हताशपणे म्हणाले.

"अरे, मग निप्पल कोंबतोस कशाला? नुसतं ओठाला लाव आणि वाट बघ," आजी म्हणाली. "हळू क्लच सोडा, हळू क्लच सोडा, असं जगाला सांगत फिरतोस ना?"

दूध आईचंच होतं. पंपाने काढलेलं, नीट कोमट केलेलं. साहेबांची तक्रार दुधाबद्दल नव्हती, भांड्याबद्दल होती. आणि सोमवारी आईला कामावर हजर व्हायचं होतं. ती बसस्थानकावर घोषणा करायची. ती रजेवर असताना स्थानकप्रमुखांनी एक बोलणारं यंत्र मागवून ठेवलं होतं. त्यात आवाज आधीच भरलेला. त्याला पगार नको, रजा नको, बाळंतपण तर नकोच. सोमवारी मुख्य कार्यालयातले मोठे साहेब येऊन यंत्र ठेवायचं की बाई ठेवायची ते ठरवणार होते.

"सोमवारी नाही आलात तर माझा नाइलाज आहे हं," स्थानकप्रमुख फोनवर म्हणाले होते. ते बोलताना त्यांचा आवाज फारच आनंदी होता.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आई दिसली की बाळाला बाटली कशाला हवी असेल? तिने बाजूला व्हावं. म्हणून आई स्वयंपाकघरात गेली. साहेबांना वास लागला. ती गॅलरीत गेली. साहेबांना पडद्यामागची सावली ओळखू आली. मग तिला जिन्यात काढलं, दार लावलं, आणि साहेब तरीही ओठ मिटून बसले. जिन्याच्या पायरीवर बसून आई रडकुंडीला आली. लाडीगोडी झाली होती, विनवण्या झाल्या होत्या. शेवटी वैतागून ती नोकरीतल्या आवाजात, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाली, "साहेबांनी कृपया तोंड उघडावे."

आत साहेबांनी तोंड उघडलं.

"अगं, थांबू नकोस," आजी आतून ओरडली. "गाडी निघाली. बोलत राहा."

"साहेबांनी घाई करू नये. दूध पुरेसे आहे. साहेबांच्या सहकार्याबद्दल आभार," आई दारामागून सांगत राहिली आणि बाटलीतलं दूध खाली उतरत गेलं. ती गप्प झाली की साहेबांचं पिणं बंद. आजीने निदान केलं, "पोटात होते तेव्हा दिवसभर हेच ऐकत होते. त्यांना वाटतं, घोषणा झाल्याशिवाय काही सुटतच नाही."

तेव्हा असं ठरलं की सोमवारी भुकेच्या वेळी आईला व्हिडिओ कॉल लावायचा. आजीने फोन साहेबांसमोर धरायचा, पण पडद्याची बाजू स्वतःकडे ठेवायची, म्हणजे त्यांना आई दिसणार नाही, फक्त ऐकू येईल.

सोमवारी आई घोषणेच्या खोलीत शिरली तर टेबलावर नवा माइक. जुन्या माइकचा लाल दिवा लागला की माइक बंद समजायचा. नव्याचा लाल दिवा लागला की चालू. हे तिला सांगायचं स्थानकप्रमुखांच्या मनात होतं, पण मोठे साहेब वेळेआधी टपकले आणि ते त्यांच्या सरबराईत गुंतले. आईने लाल दिवा पाहिला आणि निश्चिंत झाली. पहिल्या बसला अजून अवकाश होता. तेवढ्यात फोन वाजला. तिने तो माइकला टेकवून उभा केला.

"साहेब ऐकत नाहीयेत," वडील घामाघूम होऊन म्हणाले.

आईने घसा साफ केला. "साहेबांनी कृपया तोंड उघडावे."

स्थानकप्रमुखांच्या खोलीत मोठे साहेब बिस्किट तोंडाजवळ नेत होते. त्यांचा हात तिथेच थांबला. फलाटांवर बाकं भरून बसलेल्या प्रवाशांनी माना वर करून कर्ण्यांकडे पाहिलं.

"साहेबांनी ओठ मिटून बसू नये. साहेबांसाठी दूध कोमट करण्यात आले आहे."

कँटीनवाला चपापला. मोठे साहेब आलेत हे त्याला ठाऊक होतं, पण दुधाचं त्याला कुणी बोललं नव्हतं. त्याने घाईघाईने पेलाभर दूध कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं आणि तो स्वतः स्थानकप्रमुखांच्या खोलीकडे धावला.

"मी चहा घेतोय," मोठे साहेब म्हणाले.

"हो, पण आता जाहीर झालंय ना साहेब," कँटीनवाला अजिजीने म्हणाला आणि त्याने पेला पुढे केला.

"साहेबांनी गटागट पिऊ नये. ठसका लागण्याचा संभव आहे," कर्णे म्हणाले. "साहेबांचे कपडे ओले झाले असल्यास आजी बदलून देतील."

स्थानकप्रमुखांची नजर नको तिथे गेली. मोठे साहेब ताडकन उठले आणि घोषणेच्या खोलीकडे निघाले. मागे स्थानकप्रमुख, त्यांच्या मागे दुधाचा पेला.

दारात मोठ्या साहेबांना दिसलं ते असं. फोनमध्ये आजीचं अर्धं कपाळ, आणि फोनपुढे कंबर ताठ करून बसलेली, डोळ्यांत पाणी आलेली एक बाई. "हा लाल दिवा," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"लाल म्हणजे बंद," आई पुटपुटली.

"नव्यात चालू," स्थानकप्रमुख म्हणाले.

आईचा चेहरा पांढरा पडला. नोकरी गेली, हे तिला त्या क्षणी स्पष्ट कळलं. ती माइकच्या खटक्याकडे हात नेणार तोच फोनमधून वडिलांचा आवाज सगळ्या स्थानकभर घुमला, "थांबू नको गं, साहेबांनी तोंड फिरवलं."

मोठ्या साहेबांनी वाकून फोनकडे पाहिलं. नेमका त्याच वेळी आजीचा हात अवघडला आणि फोन उलटा झाला. पडद्यावर मिटलेले इवलेसे ओठ आणि त्यांवर दुधाचा एक थेंब. "हे साहेब होय," ते पुटपुटले.

स्थानकप्रमुखांना ही संधी वाटली. "सर, यंत्र लावतो ना. बाईंची गरजच नाही," असं म्हणत त्यांनी कोपऱ्यातल्या यंत्राचं बटण दाबलं. यंत्र साखरेच्या पाकात बुडवल्यासारखं बोललं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

फोनमधून फुर्र असा आवाज आला. मग वडील म्हणाले, "साहेब थुंकले. सगळं माझ्या शर्टावर."

फलाटावर एक काका दुसऱ्यांना म्हणाले, "चिडलेत वाटतं."

"ते यंत्र डब्यात घाला आणि परत पाठवा," मोठे साहेब दारातूनच, दबक्या पण स्पष्ट आवाजात स्थानकप्रमुखांना म्हणाले. "बाई, तुम्ही बोला. भुकेलं आहे ते."

आईला हसू आणि रडू एकदमच आलं. ती बोलली. साहेबांनी तोंड उघडलं, मध्ये मध्ये दम घेत, आईच्या प्रत्येक सूचनेचं पालन करत बाटली रिकामी केली. आईने सुटकेचा श्वास टाकून पुन्हा खटक्याकडे हात नेला.

"थांबा," मोठ्या साहेबांनी हात वर करून अडवलं. घरी दोन नातवंडं खेळवलेला माणूस तो. "ढेकर राहिला."

"साहेबांनी कृपया ढेकर द्यावा," आई म्हणाली.

वडिलांनी पाठ थोपटली. सगळं स्थानक श्वास रोखून बसलं. आणि मग प्रत्येक कर्ण्यातून एक खणखणीत, लांबलचक, तृप्त ढेकर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कँटीनवाल्याने हातातल्या भरल्या पेल्याकडे पाहिलं आणि तो बुचकळ्यात पडला.

थोड्या वेळाने आईच्या आवाजात पहिल्या बसची घोषणा झाली आणि मोठे साहेब गाडीकडे निघाले. वाटेतले प्रवासी आदराने बाजूला सरत होते. बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांचा हात धरला.

"मोकळं वाटलं ना पोटाला?" त्यांनी मायेने विचारलं. "आणि चिडायचं नाही हो. थुंकायचं तर मुळीच नाही."

मोठ्या साहेबांनी खुलासा करायला तोंड उघडलं. मग त्यांनी घोषणेच्या खोलीच्या खिडकीकडे एकवार पाहिलं.

"नाही आजी," ते म्हणाले. "पुन्हा नाही थुंकणार."