आमच्या अंगणवाडीत कोणी रडत नाही

आमच्या अंगणवाडीत आजपर्यंत एकही मूल रडलेलं नाही. हे मी म्हणत नाही, आमच्या मदतनीस हौसामावशी म्हणतात. त्या हे म्हणत असताना त्यांच्या कमरेवर एक पोर गळा काढून रडत असतं, दुसरं पदर ओढत असतं आणि तिसरं उंबऱ्यात आडवं पडून पाय आपटत असतं. मावशी त्या तिसऱ्याच्या आजीला फाटकातूनच सांगतात, "लई खुशीत व्हतं बघा आज!"

मी इथली सेविका. गाणी, गोष्टी, वजन-उंची, मोबाईलमध्ये माहिती भरणं हे माझं काम. खिचडी, झाडलोट आणि नाकं पुसणं मावशींचं. आयांना पोरांची खुशाली कुणी सांगायची, हे मात्र सरकारनं कुठं ठरवून दिलेलं नाही. ते मावशींनी आपणहून घेतलं. सुट्टी झाली की मी पायात चप्पल सरकवेपर्यंत त्या फाटकात जाऊन अर्ध्या गावाला खुशाली वाटून मोकळ्या झालेल्या असतात.

आमच्या अंगणातून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या दिसतात. त्यांना म्हणे आभाळातलं कुठलं कुठलं बारीकसारीक ऐकू येतं. आमच्या मावशींना कमरेवरचं पोर ऐकू येत नाही.

एकदा आर्याची आजी तणतणत आली. "बाई, पोरीला गाणी शिकवता, मग घरी का म्हणत न्हाई? लग्नात चारचौघांत उभी केली, तर टेबलाखाली जाऊन बसली!" मला काही कळेना. आर्या आमच्याकडेही टेबलाखालीच बसते. आली की शिरते, खिचडीला बाहेर येते, पुन्हा शिरते. मावशींनी मात्र महिनाभर आजीला रोज एक नवं गाणं कळवलं होतं.

दुसऱ्या वेळी ओमनं शेजारच्या पोराला कडकडून चावलं. दंडावर दात उमटले. मावशी त्या पोराच्या आईला म्हणाल्या, "पापा घेतला गं त्यानं." आई नुसती दंडाकडे बघत राहिली. तेव्हा मावशींनी जोडलं, "जरा जोरात घेतला."

वजनाच्या दिवशी तर हद्द झाली. काट्याच्या झोळीत बसवलेल्या पोराचा पाय त्या हळूच खाली ओढताना सापडल्या. "आईच्या म्होरं कमी कसं दाखवायचं, बाई?" मी डोक्याला हात लावला. "अहो मावशी, कमी असेल तर कमीच दिसू दे! तरच त्याला जास्तीचा आहार मिळेल!" हे त्यांना पटलं. पुढच्या पोराचा पाय त्यांनी खालून वर उचलून धरला.

मी रागावले, समजावलं, अबोला धरून पाहिला. त्या "बरं बाई" म्हणायच्या आणि दुपारी पुन्हा फाटकात. हे सगळं मी हसण्यावारी नेलंही असतं. पण सोहमचं प्रकरण आलं तेव्हा माझं हसू पार मावळलं.

सोहम तीन वर्षांचा. त्याची आई सुनीता दुसऱ्यांच्या रानात टोमॅटोच्या कामाला जाते. सकाळी त्याला सोडायची आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत येऊन घेऊन जायची. ती वळली की सोहम फाटकाचा गज धरून उभा राहायचा आणि रडायचा. मी उचलून आत आणलं तर पुन्हा गजापाशी. तोंडातून शब्द नाही, नुसतं रडणं. मावशी दुपारी सुनीताला सांगायच्या, "तू गेलीस की इसरतो तुला. लई खुशीत असतो. मला मावशी म्हणून हाक मारतो."

एक दिवस खिचडीच्या ताटांची चळत फरशीवर कोसळली. एवढा आवाज झाला की सगळी पोरं दचकली. आर्यासुद्धा टेबलाखालून बाहेर आली. रडून दमलेला सोहम ताटांकडे पाठ करून ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिला. मग मी त्याच्या मागं उभं राहून टाळ्या वाजवल्या, डबा बडवला, हाका मारल्या. त्यानं मान वळवली नाही.

"मावशी, याला ऐकू येत नाहीये."

"येतं वो बाई. त्याच्या नादात असतो."

"बोलायला शिकायचं हेच वय आहे. आता डॉक्टरांना दाखवलं नाही तर मुका राहील तो! आज सुनीताशी मी बोलणार. तुम्ही तोंड उघडायचं नाही."

दुपारी पहिल्यांदाच मी मावशींच्या आधी फाटक गाठलं. मावशी मागं नळावर पातेलं घासत बसल्या. मी सुनीताला सांगितलं, सोहमचे कान तपासून घे, उद्याच चल. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली.

"पण बाई, त्याला ऐकू येतं की. मावशीला मावशी म्हणतो ना तो."

मी मावशींकडे पाहिलं. पातेलं जोरजोरात घासलं जात होतं.

सुनीताचा आवाज खाली गेला. "मलाच आई म्हणत न्हाई. घरी तोंडातून शब्द काढत न्हाई. रोज रात्री जवळ घेऊन म्हणते, आई म्हण, एकदाच म्हण. मला वाटलं, टाकून जाते म्हणून राग धरलाय माझ्यावर. हितं बोलतो, खुशीत असतो, माझी आठवण बी काढत न्हाई. मग मीच नकोशी झाले आसंन त्याला."

मला मावशींचा असा संताप आला की काय सांगू. मी तोंड उघडणार, एवढ्यात पातेल्याचा आवाज थांबला. मावशी राखेच्या हातांनी तशाच पुढं आल्या.

"न्हाई म्हणाला गं तो. मला बी कदीच न्हाई म्हणाला. मी खोटं सांगत व्हते."

सुनीता पुढं झाली. सोहमला उचललं आणि गेली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सुनीता सोहमला घेऊन आत गेली. बाहेरच्या बाकावर मी आणि मावशी. मावशींना कुणी बोलावलं नव्हतं, त्या आपणहून जीपमध्ये चढल्या होत्या. मी चिडूनच विचारलं, "का करता हो असं?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "माझी पोरगी मंगल बी अशीच रडायची. तिला बालवाडीत ठेवून मी खुरपायला जायचे. घ्यायला गेलं की तिथली बाई सगळ्यांदेखत म्हणायची, दिवसभर रडली तुझी पोरगी, कशी आई गं तू? दुसऱ्या दिशी रानात डोळ्याला दिसायचं न्हाई काय. तण ऱ्हायचं आन् मेथी उपटायचे. काम तर सोडता येत नव्हतं. म्हणलं, आपल्या फाटकातनं कुठली आई असं ऐकून जायला नको." मग पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "मंगल आता चाकणला असती. फोनवर म्हणती, आई, मी लई खुशीत हाय. मी बी जास्त इचारत न्हाई."

सोहमला फारच कमी ऐकू येतं असं निघालं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात खेटे झाले, कानामागं यंत्र बसलं. आता फाटकाची कडी वाजली की तो वळतो. बोलायला वेळ लागेल, पण बोलेल, असं डॉक्टर म्हणतात. सुनीता मात्र त्या दिवसापासून मावशींशी बोलायची बंद झाली. काही विचारायचं तर मला विचारायची.

परवा दुपारी मावशी फाटकात आर्याच्या आजीला सांगत होत्या, "दोन गाणी म्हणली आज, पार हातवारे करून." मी मोठ्यानं खाकरले. काही उपयोग झाला नाही. आर्याला मी टेबलाखालून ओढून आणून आजीच्या हातात दिलं.

मग सुनीता आली. टोमॅटोच्या रोपांनी हात हिरवे-काळे झालेले. मी सोहमला घेऊन पुढं झाले, पण तिनं त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं नाही. "मावशी," ती म्हणाली, "कसा व्हता आज?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"रडला," त्या म्हणाल्या. "तू गेलीस तसा गज धरून उभा ऱ्हायला. खिचडी निवली तरी हालंना. आजचंच न्हाई गं, पयल्या दिवसापास्नं रोज रडतो."

"माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी?"

सुनीता तिथंच फाटकात खाली बसली. तिनं सोहमला मांडीवर ओढलं आणि त्याच्या केसांत तोंड खुपसलं.

"लई रडतो?" तिनं तिथूनच विचारलं.

"लई," मावशी म्हणाल्या.