खरजेची ये-जा

दोघा भावांतल्या थोरल्यांना खाज सुटली ती आधी उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत. दिवसभर ती पाहुण्यासारखी अंग चोरून बसे आणि अंथरुणाला पाठ टेकली की घरची मालकीण असल्यासारखी हिंडू लागे. थोरलीने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, आधी घामोळं ठरवून पावडर लावली, मग उष्णता ठरवून तेल चोळलं. पुढे तिचंच मनगट खाजू लागलं, तेव्हा दोघं मुकाट्याने दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी भिंग धरून पाहिलं आणि खरूज आहे म्हणाले. थोरलीला तो शब्द शिवीसारखा लागला. जिच्या स्वयंपाकघरात चमचेसुद्धा उंचीप्रमाणे रांगेत झोपतात, तिच्याकडे खरूज?

दवाखान्याची सिस्टर दुसऱ्या दिवशी घरी आली. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली, आणि दुसऱ्याच्या घरात शिरताच खुर्ची कुठे ठेवायची ते आपणच ठरवणारी बाई. तिने आधी थोरलीची समजूत काढली. "काकू, यात घाणेरडेपणा काही नाही. बारीक किडा असतो, कातडीत बीळ करून राहतो. बिचाऱ्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. अंगाला अंग बराच वेळ लागून राहिलं, की चालत चालत जातो दुसरीकडे. राजालाही होते आणि साधूलाही."

साधूलाही होते म्हटल्यावर थोरलीला जरा बरं वाटलं. मग सिस्टरने सगळं समजावलं: मलम मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, नखांखाली, बेंबीतसुद्धा, घरातल्या सगळ्यांनी एकाच संध्याकाळी लावायचं आणि सकाळपर्यंत ठेवायचं, हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं, चादरी, टॉवेल, कपडे कडकडीत पाण्यात. एक जण जरी सुटला तरी सगळी मेहनत वाया. तिने जाताना हेही सांगून ठेवलं, की किडा मेला तरी खाज काही दिवस रेंगाळते, घाबरायचं नाही. पण नवे पुरळ उठले तर मला कळवायचं.

नवे पुरळ उठले. त्याच हाताला, त्याच बेचक्यांत.

आणि नेमक्या त्याच वेळी लेकीचा फोन आला. तिला मुलगी झाली होती, पहिलीच. थोरलीने अजून नातीला डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. लेक गोड बोलत होती, पण मुद्दा सोडत नव्हती. "आई, राग मानू नकोस. तुमची सिस्टर हो म्हणेल, त्या दिवशी बाळाला घेऊन येते. तोवर नको."

थोरलीने फोन ठेवला, देवापुढे दिवा लावला आणि हात जोडले. जोडलेले हातही मधूनच एकमेकांना खाजवत होते. देवाने ते पाहिलं असेल आणि मनावर घेतलं नसेल.

पुन्हा मलम झालं. पुन्हा चादरी उकळल्या. पुन्हा पुरळ उठले. आता नवरा-बायकोत जुंपली. तुम्ही पाठीला नीट लावू दिलं नाही, तूच पायपुसणं धुतलं नाहीस, असं करत गोष्ट लग्नातल्या जुन्या रुसव्यापर्यंत गेली. सिस्टरला बोलावलं तेव्हा ती रागावण्याऐवजी खुर्ची ओढून बसली आणि कोडं पडल्यासारखी थोरल्यांचा हात उलटासुलटा करून पाहू लागली.

"बाबा, घरातली तर मेली. मग ही येते कुठून? कुणाचा हात धरता का तुम्ही?"

"या वयात?" थोरले म्हणाले.

"वयाचं मी बोललेच नाही. धरता का?"

थोरल्यांनी छताकडे पाहिलं. घरी कोण येतं-जातं ते थोरलीने सांगून टाकलं: कुणी नाही. वरच्या मजल्यावर दीर-जाऊ राहतात, पण त्यांच्याशी अबोला. कारण जिन्याचा कठडा. धाकट्यांनी न विचारता तो हिरवा रंगवला होता. थोरल्यांनी खालचा अर्धा घासून पुन्हा तपकिरी केला. तेव्हापासून मधल्या वळणावर दोन रंग भेटत, माणसं भेटत नसत.

सिस्टर निघाली, जिन्यापाशी आली आणि थबकली. वरच्या पायरीवर धाकटी, म्हणजे ती जाऊ, उभी होती. खालच्या उकळलेल्या चादरींची मोजदाद करायला ती रोज तिथे उभी राहत असे, आणि आज विणायच्या सुईने मनगट खाजवत होती.

सिस्टरच्या चेहऱ्यावर हरवलेली किल्ली सापडल्याचा आनंद पसरला. "ताई, यजमान आहेत का घरी?"

पुढचं सगळं जिन्याच्या मधल्या वळणावर झालं, कारण थोरले त्याच्या वर जाईनात आणि धाकटे त्याच्या खाली येईनात. सिस्टरने थोरल्यांचा उजवा हात घेतला, धाकट्यांचा डावा घेतला आणि दोन्ही शेजारी धरले. पुरळ असे जुळले, जणू एकाच कापडातून बेतलेल्या दोन बाह्या.

थोरली धाकटीकडे पाहत होती, धाकटी थोरलीकडे, आणि दोघींच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता; पण विचारायचा तर अबोला.

"कसं झालं ते मला नको," सिस्टर म्हणाली. तिला खरं तर तेच हवं होतं. "आज संध्याकाळी चौघांनी मलम लावायचं, खाली आणि वर एकाच वेळी. पुढच्या आठवड्यात पुन्हा एकदा, तसंच. आणि आज कुणी कुणाचा हात धरायचा नाही."

"मग तो रस्ता कसा ओलांडणार?" थोरले म्हणाले.

म्हणाले आणि जीभ चावली.

"कोण रस्ता ओलांडणार?" धाकटीने विचारलं. "यांना काय झालंय?"

धाकटे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांना हल्ली नीट दिसत नव्हतं. डोळ्यांचं ऑपरेशन करावं लागेल या भीतीने बायकोला सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी ते उभ्या हातगाडीवर आदळले, तिची माफीही मागितली, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांचा हात धरला. तेव्हापासून सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे थोरले रोज उभे राहत, हात धरून धाकट्यांना बागेपर्यंत नेत आणि फेरफटका झाला की परत त्याच जागी आणून सोडत.

थोरलीने कंबरेवर हात ठेवले. "म्हणजे तुम्ही दोघं बोलता? आणि मी इतकी वर्षं तोंड शिवून?"

"छे," थोरले दुखावल्या स्वरात म्हणाले. "बोलत नाही. अबोला आहे आमचा."

"एक शब्द नाही," धाकट्यांनी भिंतीला सांगितलं. "आजवर एक शब्दही नाही, वहिनी."

देव माणसांना बांधायला कधी सूर वापरतो, कधी फुलांचा हार. या घराला कठड्याने तोडलं होतं, तेव्हा त्याला किडा वापरावा लागला. तोही असा, की ज्याला उडता येत नाही, हाताला हात लागलाच पाहिजे.

त्या संध्याकाळी दोन्ही मजल्यांवर मलमाचा एकच वास होता. जावांनी चादरी एकाच पातेल्यात उकळल्या, पातेलं मोठं आहे एवढ्याच कारणाने. त्यानंतर नवा पुरळ उठला नाही. ठरल्या वेळी दुसरं मलम झालं, सिस्टरने चौघांचे हात भिंगाखाली फिरवले आणि लेकीला आपणच फोन लावून सांगितलं, आण बाळाला.

बाळ आलं. थोरलीने त्याला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ काहीही खाजवलं नाही. धाकटीने विणलेलं टोपडं आणलं, ती सुई मात्र पुन्हा पुन्हा धुतल्याचं सगळ्यांना सांगितलं.

पुढे धाकट्यांचं ऑपरेशनही झालं. पट्टी निघाली, काळा चष्माही सुटला, आणि एका संध्याकाळी ते एकटेच जिना उतरू लागले. मधल्या वळणावर थांबले. कठड्याकडे पाहिलं, वाकून पाहिलं, बोट फिरवून पाहिलं.

"हा हिरवा," ते पुटपुटले, "पहिल्यापासून असाच होता?"

खाली थोरले उभे होते, हसू दाबताना त्यांचे खांदे तेवढे हलत होते. मग त्यांनी नेहमीसारखा उजवा हात पुढे केला.

"आता दिसतं मला, दादा. स्वच्छ दिसतं."

"दिसत असेल," थोरले हात धरत म्हणाले. "मला कसं कळणार? आपलं बोलणं कुठे आहे?"