पंचेचाळीसचा ताबेदार

दत्ताराम घाडी याच्या ताब्यात कंपनीची एक गोळी होती. डोकेदुखीची नव्हे, पिस्तुलाची, पंचेचाळीस बोअरची, पितळी, करंगळीएवढी जाड. पिस्तूल नव्हतं. बहरीनमधल्या बाब अल बहरीन या वेशीजवळच्या एका बँकेच्या पहाऱ्याचं कंत्राट घेताना कंपनीने ‘आमचे पहारेकरी पंचेचाळीसने सज्ज असतील’ असं लिहून दिलं होतं. पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज ब्याऐंशी सालापासून ‘इंशाल्ला’ या टप्प्यावर होता. गोळी मात्र आली. आणि आली म्हणून ती कोणाच्या तरी नावावर चढवणं भाग पडलं.

तीन वर्षं दत्ताराम कमरेच्या रिकाम्या चामडी पाकिटात ती गोळी घालून बँकेच्या दारात उभा होता. दर शुक्रवारी तिला चिंच लावून घासत होता. पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये गावाहून पत्र आलं: देवगडच्या रखमाशी लग्न ठरलं, बारा मेचा मुहूर्त. रजेचा अर्ज घेऊन तो ॲडमिनच्या युस्टेस साहेबांसमोर उभा राहिला.

“लग्न? काँग्रॅच्युलेशन्स!” वसईचे युस्टेस मनापासून म्हणाले. “गोळीचा चार्ज कोणाला देतोस?”

“माझ्या जोडीच्या हारूनाक दितंय, साहेबानू.”

“हारूनने पंचेचाळीस कधी झाडलीय?”

“माका तरी खंय झाडूक गावली?”

“तू नियमाच्या आधीचा. आता चार्ज घेणाऱ्याने एक तरी झाडलेली पाहिजे.”

“मग हीच झाडून घेवांदे.”

“पिस्तूल कुठेय? आणि झाडली तर चार्ज कशाचा देणार?”

अर्ज युस्टेस साहेबांच्या टेबलावरच राहिला.

वाट दाखवली अमेरिकेने. तिथल्या लष्कराने त्याच वर्षी पंचेचाळीस सोडून नऊ मिलिमीटर घेतली. लगेच कंपनीने कमिटी नेमली: आज पंचेचाळीसमध्ये काही दम उरला आहे का? युस्टेस कानाशी लागले, “तुझं मत विचारतील. एवढंच म्हण, जुनी झाली. गोळी बाद, तू विमानात. खलास!”

कमिटीत तिघे होते. तिघांचा मिळून बंदुकीचा अनुभव जत्रेत फुगे फोडण्याइतका होता. पहिला साक्षीदार हारून. दोस्ताचं लग्न वाचवायच्या हेतूने तो जोरात म्हणाला, “साब, नाइन में पंद्रह गोली आती है, इसमें सात. दत्तू की गोली तो बैलगाडी है, बैलगाडी!”

दत्तारामने ‘होय, जुनी झाली’ म्हणायला तोंड उघडलं. पण तीन वर्षांची चिंच आडवी आली.

“बैलगाडी? मेल्या, तुझी नऊची गोळी माणसाच्या आरपार जाता नि तेका पत्तोच नसता! पंचेचाळीस एकदा बसली काय माणूस जाग्यार थांबता! पंधरा कित्याक होयी? नेम नसलेल्यांका!”

हारूनने टेबलाखालून लाथ घातली. “शादी, दत्तू, शादी!”

“लगीन रवांदे बाजूक! आधी हिका बैलगाडी म्हटलंस ता मागे घे!”

कमिटी भारावली. ठराव झाला: पंचेचाळीस आणखी पाच वर्षं सेवेत राहील. असा जाणकार दुसरा नसल्याने ताबा श्री. घाडी यांच्याकडेच राहील आणि ताबा असेतो ते देश सोडणार नाहीत. त्यांचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत होताच. युस्टेसनी रजेचा अर्ज ठरावाला टाचणीने जोडला, म्हणजे फाइल एकत्र राहील.

बारा मेला लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. मांडव घातला होता, आचारी सांगून ठेवला होता. रखमाच्या वडिलांनी दत्तारामच्या चुलतभावाला, महादेवला, उभं केलं. महादेवमध्ये खास असं काही नव्हतं. तो हजर होता.

हे कळवणारं गावचं पत्र दत्तारामने वाचून खाली ठेवलं. मग म्हणाला, “पण हारून, बैलगाडी म्हणूक नको होता तू.”

हसा, वाचकहो. पण नऊ बरी की पंचेचाळीस, याचा निकाल तुम्ही मघाशीच मनात लावून टाकलात. रजेच्या अर्जावर सही झाली का, हे विचारायचं तुमचंही राहून गेलं. कमिटीत एक जागा रिकामी आहे, अर्ज करा.