गोदाक्काला वेळ वाढवून देण्याबाबत

आमच्या नाटकात मुग्धा धामणकर एकटीच पाच बायका करते, आणि अंगावरून उतरवलेली बाई आपल्या कपड्यांत तशीच विंगेतल्या बाकावर बसून राहते. मी कपडेपट सांभाळते. एकीला उतरवायचं, दुसरीला चढवायचं आणि बाकावरच्यांना गप्प ठेवायचं, हे माझं काम. मुख्याध्यापिकेला नर्सचं पाय हलवणं खपत नाही. पुढारीणबाईंना कडेचीच जागा लागते. एरवी सगळ्या स्वभावाने बऱ्या आहेत.

अडचण गोदाक्काची होती. दुसऱ्या अंकात तिला धाकटा मुलगा गेल्याचा फोन येतो. ती एकदाच "बाळू" म्हणते आणि अंधार होतो. चौदा सेकंदांनी उजेड येतो, तेव्हा मुग्धा शेजारची लीलाबाई होऊन वाटीभर विरजण मागायला आलेली असते. लीलाबाईला अजून काही कळलेलं नसतं. ती आपली बडबडत राहते आणि लोक हसतात. ही चौदा सेकंदं मी बसवलेली. लुगडं शिवलेलं, मागे वेलक्रो. मंगळसूत्र लीलाबाईच्या ब्लाउजलाच टाचलेलं. टिकली आरशाच्या कडेला चिकटवून तयार. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

शहाऐंशीव्या प्रयोगानंतर गोदाक्काने अर्ज दिला. आमचे दिग्दर्शक पोतनीस जन्मभर पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे तोंडी सांगितलेलं त्यांच्या कानात शिरत नाही. अर्जात लिहिलं होतं, की मला रडू फुटतं न फुटतं तोच उतरवतात. बाकावर बसून रडावं म्हटलं, तर डोळे मुग्धाचे, ते लीलाबाई घेऊन जाते. तरी मुलासाठी रडायला वेळ वाढवून मिळावा. शहाऐंशी वेळा तिचं लुगडं मीच ओढलं होतं.

पोतनीसांनी बाकासमोर खुर्ची टाकून रीतसर सुनावणी घेतली. किती वेळ हवा, असं त्यांनी विचारलं.

"ते कसं सांगू, साहेब?" गोदाक्का म्हणाली. "पुरतं रडून झालंय, असं एकदाही झालं नाही."

"अंदाजे आकडा तरी द्या. मला वेळांच्या तक्त्यात भरावा लागतो."

मुख्याध्यापिका गोदाक्काच्या बाजूने काही बोलणार होत्या, पण त्यांचा या प्रवेशाशी संबंध नाही अशी नोंद पोतनीसांनी केली. अंधार वाढवता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. जास्त वेळ अंधार राहिला की लोक मोबाइल काढतात, आणि एकदा मोबाइल निघाला की नाटक गेलं. त्यांचंही चूक नव्हतं.

तोडगा मी काढला. लीलाबाईची साडी मुग्धाला आधीच नेसवायची आणि तिच्यावरून गोदाक्काचं लुगडं चढवायचं. मग बदलाला सहाच सेकंदं लागतात, उरलेली आठ गोदाक्काची. पोतनीसांनी मंजुरी दिली. गोदाक्का म्हणाली, आठ तर आठ, मुळीच नसण्यापेक्षा बरी. आम्ही तालीमही केली, पण ती नुसत्या बदलाची. प्रवेश काही केला नाही. वेलक्रो, हूक, टिकली, वाटी, एकूण एक गोष्टीचा मी विचार केला. आतल्या बाईला ऐकू येतं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

रविवारी दुपारी चारचा प्रयोग होता. फोन आला, अंधार झाला, आठ सेकंदं गोदाक्का माझ्या खांद्यावर हुंदके देत राहिली. मग मी लुगडं ओढलं, टिकली लावली, हातात वाटी दिली. उजेड आला तेव्हा लीलाबाई गोदाक्काच्या घरात जागेवर उभी होती, पण बोलेना. प्रॉम्प्टरने दोनदा वाक्य पुरवलं. तिने वाटी जमिनीवर ठेवली आणि सरळ विंगेत परत आली.

"मंदाताई, मी सगळं ऐकलंय," ती मला म्हणाली. "हिचा पोरगा गेला, आणि मी विरजण मागू?"

नर्सने सरकून जागा दिली. लीलाबाई गोदाक्काला खेटून बसली आणि तिला जवळ घेतलं.

"रड, गोदाक्का. डोळे माझ्यापाशी आहेत. मी कुठं जात नाही आता."

गोदाक्काने तिच्या खांद्यावर मान टाकली, आणि दोघी रडायला लागल्या. डोळे दोनच होते, पण दोघींना पुरले. समोरच्या विंगेतून पोतनीस पडद्याच्या दोरीकडे बोट दाखवून मला विचारत होते. मी नको म्हणून हात हलवला. एकतीस वर्षांत मी दिग्दर्शकाला नाही म्हटलेलं नव्हतं. रंगमंचावर उजेड होता, घर होतं, माणूस कुणी नव्हतं. हातातलं स्टॉपवॉच मी बंद करून टाकलं.

शेवटी गोदाक्कानेच पदराने लीलाबाईचं तोंड पुसलं. "जा आता," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत." लीलाबाई गेली, वाटी उचलली आणि विरजण मागितलं. लोक हसले, नेहमीपेक्षा जरा हळू.

प्रयोगानंतर पोतनीस तक्ता घेऊन आले. गोदाक्काला एकूण किती वेळ लागला, असं त्यांनी विचारलं. मोजला नाही, असं मी सांगितलं. त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग वेळेच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'रडून होईपर्यंत', आणि खाली तारीख घालून सही केली.

तेव्हापासून त्याप्रमाणे चालू आहे. कधी तीन मिनिटं जात असतील, कधी जास्त. तेवढा वेळ प्रेक्षक रिकाम्या घराकडे बघत गप्प बसून राहतात. त्यांना तसं कुणी सांगितलेलं नाही.